हजेरीची वही अजून मिटलेली नाही

राजर्षी शाहू छत्रपतींचे स्मरण करताना 26 जुलै 1902 च्या आरक्षणाच्या जाहीरनाम्याचा उल्लेख हमखास होतो. त्यांच्याच 1918 मधील एका हुकमाची आठवण मात्र क्वचित निघते. जन्मानेच ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना सरकारी हजेरी द्यावी लागे. ती पद्धत महाराजांनी करवीर संस्थानात बंद केली. फासेपारध्यांना सोनतळीला वसवले, पहाऱ्याची कामे दिली. समाज ज्यांना चोर म्हणत होता, त्यांच्याच हाती राखण सोपवली.

इंग्रजांचा 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा स्वतंत्र भारतात रद्द झाला तो 31 ऑगस्ट 1952 रोजी. पण त्याची जागा सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी घेतली. मुंबई राज्याने असा कायदा 1959 मध्ये केला. नाव बदलले, दृष्टी बदलली नाही. गावात चोरी झाली की पहिला संशय आजही पालावरच जातो. तुरुंगातील कामांची जातीनुसार वाटणी घटनाबाह्य आहे, विमुक्तांना मनमानीने अटक करू नये, हे 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. निर्णय स्वागतार्ह आहे. पण विमुक्तीनंतर 72 वर्षांनी त्याची गरज पडावी, ही समाज म्हणून आपल्यालाही लाज आणणारी गोष्ट आहे.

दुसरा अन्याय कागदाचा. विमुक्त जाती, भटक्या जमातींच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा पाहिला जातो. ज्याचे घर गाढवाच्या पाठीवर होते, त्या आजोबांचा सातबारा नातवाने कोठून आणावा? इथे गृहचौकशी आणि जमातीतील जाणत्यांची साक्ष यांनाच मुख्य पुरावा मानणारी स्पष्ट तरतूद हवी. बाळकृष्ण रेणके आयोगाचा अहवाल 2008 मध्ये आला, भिकूजी इदाते आयोगाचा 2017 मध्ये. दोन्ही अध्यक्ष महाराष्ट्राचेच. आता तिसरा आयोग नको, अंमलबजावणी हवी.

कायदा दार उघडतो. उंबरठ्याच्या आत घेणे समाजाच्या हाती असते. गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला पारध्यांच्या मुलांसाठी शाळा उभी केली, ती याच जाणिवेने. आपल्या वस्तीशेजारच्या पालावर कितीजणांकडे दाखला आहे, किती मुले शाळेत जातात, याची चौकशी प्रत्येक कार्यकर्त्याने, प्रत्येक सुस्थित कुटुंबाने करावी. ‘हे आपले बांधव’ असे व्यासपीठावरून म्हणणे सोपे आहे. पोलीस पालावर येतील तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहणे, हीच त्या शब्दाची परीक्षा आहे.