नंबर जुळले की झालं?

जुन्या लष्करी रिव्हॉल्व्हरच्या ऑनलाइन बाजारात सगळ्यात जास्त नुकसान कोणी केलं असेल, तर ‘ऑल मॅचिंग’ या दोन शब्दांनी. म्हणजे काय, तर प्रत्येक भागावर एकच नंबर. फ्रेमवर जो, तोच सिलिंडरवर, तोच नळीवर. ते जुळले की वस्तू ‘ओरिजिनल’, नाही जुळले की भंगार. मी अमेरिकेत राहतो, आणि रात्रीचं जेवण झालं की फोनवर लिलावांची पानं चाळणं हा माझा छंद आहे (घरात याला वेगळा शब्द आहे). लबाड विक्रेत्यांना शिव्या सगळेच घालतात. माझं भांडण घेणाऱ्यांशी आहे. विक्रेता तेच बनवून देतो जे आपण मागतो.

एकच उदाहरण घेतो, कारण त्यात सगळं आलं. कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी, वेस्टर्न सिनेमात प्रत्येकाच्या कमरेला असतं ते. अमेरिकन सैन्याने १८७३ मध्ये ते घेतलं. घोडदळासाठी साडेसात इंचांची नळी, .४५ ची गोळी, फ्रेमच्या डाव्या बाजूला ‘यूएस’ असा ठसा, आणि अक्रोडाच्या लाकडी मुठीवर सरकारी तपासनिसाच्या आद्याक्षरांचा शिक्का. १८९२ मध्ये सैन्याने .३८ चं नवं रिव्हॉल्व्हर स्वीकारलं आणि ही जुनी कोल्टं कोठारात गेली.

मग ती परत बाहेर काढली गेली. १८९० च्या दशकात आणि पुढे १९०० नंतर त्यांच्या नळ्या कापून साडेपाच इंचांच्या केल्या. आधी हे काम स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात झालं, नंतर कोल्टच्या कारखान्यातही. सुरुवातीचा एक छोटा गट सोडला, तर कारागिरांनी नंबर सांभाळायचे कष्ट घेतले नाहीत. सगळी उघडली, दुरुस्त केली, आणि हाताला येईल तो भाग बसवून जोडली. एकाची नळी, दुसऱ्याचा सिलिंडर, तिसऱ्याची मूठ. फिलिपाइन्सच्या लढाईत .३८ ची गोळी माणसाला थांबवत नाही अशी ओरड झाली, तेव्हा हीच सरमिसळ केलेली .४५ ची रिव्हॉल्व्हरं सैनिकांच्या हातात होती. संग्राहक त्यांना ‘आर्टिलरी मॉडेल’ म्हणतात.

म्हणजे बहुतेक अस्सल आर्टिलरी मॉडेलचे नंबर जुळत नाहीत. ते सैन्यानेच तसे केले. आता एखादा गिऱ्हाईक ‘मॅचिंग आहे का?’ एवढं एकच विचारून पुढे सरकतो, तेव्हा तो विक्रेत्याला काय सांगत असतो? जुना नंबर घासून काढ आणि नवा ठोक. आणि घोडदळाच्या लांब नळीवाल्याला भाव जास्त, म्हणून आखूड नळी काढून लांब बसवली जाते, आर्टिलरीचं घोडदळ होतं. सव्वाशे वर्षं टिकलेला एक खरा पुरावा मागणी आहे म्हणून बाद होतो. साध्या, नागरी विक्रीच्या कोल्टवर ‘यूएस’ ठोकून तिला सैन्यात भरती करणं हा तर फार जुना धंदा.

यावर हमखास उत्तर येतं: पण फॅक्टरी लेटर आहे ना! कोल्ट कंपनी आपल्या जुन्या दप्तरातून पत्र देते. अमुक नंबरचं रिव्हॉल्व्हर, अमुक नळी, अमुक तारखेला, अमुक ठिकाणी पाठवलं. पत्र खरं असतं. फक्त ते नंबराबद्दल असतं, तुमच्या समोरच्या लोखंडाबद्दल नाही. सेकंडहँड बुलेट घेताना आरसी बुक बघून कोणी पैसे देत नाही, खाली वाकून चेसिसवरचा नंबर बघतो, आणि तो पुन्हा कोरलाय का हेही बघतो. इथे मात्र लोक पीडीएफ बघून बोली लावतात. जून १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नला कस्टरची तुकडी संपली. त्या रेजिमेंटकडे असू शकतील अशा नंबरांच्या टप्प्यातलं रिव्हॉल्व्हर म्हटलं की किंमत उडते. मग त्या टप्प्यातला नंबर ठोकायचा मोह कोणाला होणार नाही?

मग बघायचं काय? कडा. कारखान्यातून आलेल्या फ्रेमच्या कडा ठसठशीत असतात. पॉलिशच्या चाकावर धरलं की त्या गोल होतात, आणि स्क्रूच्या भोकांच्या तोंडाशी बशीसारखा खळगा पडतो. अक्षरं बघा. खरा ठसा आधी पडला आणि गंजाचे खड्डे नंतर, म्हणून खड्डा अक्षराला खाऊन जातो. खड्ड्याच्या तळात अक्षर शिरलेलं दिसलं, तर ठसा नंतरचा. लाकूड झिजून गुळगुळीत आणि त्यावरचा शिक्का मात्र कालच मारल्यासारखा, हेही तसंच. हे सगळं दिसायला तिरप्या उजेडातले, जवळून काढलेले फोटो लागतात. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत सगळी कोल्टं देखणी दिसतात. विक्रेता तिरप्या उजेडातला फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल, तर ॲप बंद करा.

‘चमकवलं तर बिघडलं काय?’ असंही विचारतात. वापरायला, भिंतीवर लावायला चमकवा की, तुमची वस्तू. पण मग तिला १८७४ ची ‘मूळ फिनिश’ म्हणून विकू नका. तपकिरी पडलेली, ब्लूइंग उडालेली नळी हीच मूळ अवस्था आहे. तिच्यावर पुन्हा निळा मुलामा चढवला की झीज कुठे झाली, म्यान कुठे घासलं, हे सांगणारं एवढंच साधन जातं.

जाता जाता कायद्याचं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेलं शस्त्र ‘अँटिक’ धरतात, म्हणून फ्रेमच्या वयाला इथे आणखी महत्त्व. राज्यांचे नियम वेगळे असतात. भारतातल्या वाचकांनी हा प्रयोग करू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुनेपणाची सूट आहे ती दुरुस्त करूनही गोळी झाडू न शकणाऱ्या शस्त्राला. चालू स्थितीतलं रिव्हॉल्व्हर कितीही जुनं असलं तरी परवाना लागतोच.

सध्या एक आर्टिलरी मॉडेल लिलावात आहे. रंग चहासारखा, फ्रेमवर एक नंबर, सिलिंडरवर दुसरा, नळीवर तिसरा. मुठीवर रिनाल्डो कार या तपासनिसाची ‘आरएसी’ ही आद्याक्षरं, पुसट पण वाचता येणारी. दुरुस्तीच्या वेळी मारत तोच शिक्का. विक्रेत्याने वर्णनात ‘मिसमॅच्ड’ असं लिहून जवळपास माफीच मागितली आहे. लिलाव रविवारी संपतोय आणि बोली अजून एकही नाही.