सन्मानांच्या आधीची वर्षे

देवासच्या कुमार गंधर्वांना कोणकोणते सन्मान लाभले, हा प्रश्न सामान्यज्ञानाच्या चाचणीत घातला की धरमपुरीच्या आमच्या शाळेतील हुशार मुले घडाघडा उत्तर देतात. 1974 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, 1977 मध्ये पद्मभूषण, 1988 मध्ये अकादमीची रत्नसदस्यता, 1990 मध्ये पद्मविभूषण. 1973 ची विक्रम विद्यापीठाची डी.लिट. तेवढी बहुधा गळते. खरे तर उज्जैनचे विद्यापीठ आपल्या माळव्याचे, आणि या यादीत सर्वांत आधीचे. सन अचूक असतात. गुण पुरे द्यावेच लागतात.

परंतु वाचकहो, या यादीतील पहिला सन 1973 आहे, ही गोष्ट आम्हांस नेहमी थबकविते. कुमारांचा जन्म 1924 चा, बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचा. मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी त्यांना बालपणीच एका लिंगायत मठाच्या स्वामींनी दिली. 1936 साली मुंबईच्या जिना हॉलमधील परिषदेत या बालकाने जाणत्यांना चकित केले. प्रो. बी. आर. देवधरांसारखे गुरू लाभले. एवढे सारे झाल्यावर सरकारदरबारच्या सन्मानांना यावयास पन्नाशी का उजाडावी?

त्याचे एक उत्तर देवासमध्येच आहे. क्षयाने ग्रासलेले कुमार 1948 च्या जानेवारीत कोरड्या हवेसाठी येथे आले. पवारांची थोरली आणि धाकटी अशी दोन्ही संस्थाने त्याच वर्षी मध्य भारतात विलीन झाली. डॉक्टरांनी गाण्यास मनाई केली होती. गवयाला गाऊ नको म्हणणे म्हणजे काय, हे सांगावयास शब्द नाहीत. पत्नी भानुमती स्वतः गायिका. त्यांनी शाळेत नोकरी धरली, घर चालविले, शुश्रूषा केली. (आम्ही शिक्षक असल्याने हा तपशील आम्हांस अधिक लागतो, हे कबूल.) स्ट्रेप्टोमायसीन हे तेव्हाचे नवे औषध मिळाले आणि कुमार वाचले, एक फुफ्फुस मात्र कामातून गेले ते गेलेच. पाचएक वर्षांनी ते पुन्हा मैफिलीत बसले तेव्हा लांब दमाच्या ताना मागे पडल्या होत्या, आणि छोट्या, धारदार स्वरवाक्यांची गायकी उभी राहिली होती. घराण्यांच्या अभिमान्यांना ती रुचली नाही. सन्मान लांबण्याचे हे दुसरे उत्तर.

भानुमतीबाई 1961 साली निवर्तल्या. वरील यादीतील एकही सन्मान त्यांनी पाहिला नाही.

पुढे वसुंधराताईंनी साथ दिली. त्यांना स्वतःला 2006 मध्ये पद्मश्री मिळाली, हे आमच्या मुलांच्या यादीत असावयास हवे.

खाटेवर पडल्या पडल्या कुमारांच्या कानी माळव्यातील बायकांची गाणी पडत. त्या लोकधुनांतून त्यांनी मालवती, लगनगंधार यांसारखे राग घडविले. त्यांना ते ‘धुनउगम’ म्हणत. ‘अनूपरागविलास’ 1965 साली पुस्तकरूपाने आले. पद्मभूषणाच्या मानपत्रात त्या बायकांची नावे कोण लिहिणार?

आपल्याकडे एक वाद अधूनमधून निघतो. मातृभाषा कन्नड, तालीम मुंबईची, निर्गुणी भजने हिंदीची, बालगंधर्वांची पदे मराठीची. मग कुमार कोणाचे? पवार, होळकर, शिंद्यांसवे येथे येऊन पिढ्या लोटलेल्या आपल्या घरांनी तरी हा वाद घालू नये. जो गाव आजारी माणसाला ठेवून घेतो, तो त्याचा.

1992 च्या जानेवारीत देवासलाच ते गेले. त्यांच्या नावाने मध्यप्रदेश शासन तरुण कलावंतांना सन्मान देते. 2014 साली टपाल तिकीटही निघाले. यंदा चाचणीत आम्ही प्रश्न बदलला आहे: 1948 ते 1952 या काळात कुमार गंधर्वांना कोणता पुरस्कार मिळाला? बहुतेकांनी जागा कोरी सोडली. एका मुलीने लिहिले, ‘औषध’. तिला आम्ही पूर्ण गुण दिले.