‘नो डील’ आणि दोन बाजूंचे थोतांड

एखाद्या प्रश्नावर समाज दुभंगला की ‘स्थानिक रहिवाशांत याबाबत दोन मतप्रवाह आहेत’ हे वाक्य हमखास लिहिले जाते. ते निरुपद्रवी वाटते, निःपक्षपाती वाटते आणि लिहिणाऱ्याला विचार करण्याच्या कष्टातून मुक्त करते. युरोपीय संघातून कोणत्याही कराराविना बाहेर पडावे काय, या प्रश्नावर २०१९ साली ब्रिटनमधील गावोगावच्या रहिवाशांत जी फूट दिसली, तिचे वर्णन बहुतेक ठिकाणी याच वाक्याच्या आधारे झाले. २४ डिसेंबर २०२० रोजी व्यापारी करार झाला आणि ती टांगती तलवार दूर झाली. परंतु त्या काळात मतभेदांचे जे वाचन झाले, ते वाचनाचे शास्त्र शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांनी तपासायला हवे. आमचे म्हणणे स्पष्ट आहे : ‘दोन बाजू’ ही मांडणीच मुळात फसवी होती. रहिवाशांना ज्या शब्दावर मत विचारले जात होते, त्या शब्दाचा अर्थ सत्ताधाऱ्यांनी तीन वर्षे सतत बदलत ठेवला होता. आणि मते मोजणाऱ्यांनी त्या बदलत्या अर्थाकडे कधी पाहिलेच नाही.

या वृत्तांतांचा साचा परिचित आहे. समुद्रकाठचे किंवा ओस पडत चाललेल्या बाजारपेठेचे एखादे गाव निवडायचे. तेथे एक निवृत्त गृहस्थ ‘आता एकदाचे बाहेर पडा’ म्हणतात, एक दुकानदार धास्ती व्यक्त करतो, एक तरुणी आपल्या भवितव्याविषयी बोलते. शेवटी गावाचे उदास वर्णन. तिघांपैकी कोणीही दुसऱ्याला उत्तर देत नाही, कारण त्यांची गाठच घालून दिलेली नसते. आपल्या समीक्षाव्यवहारातील काही मंडळी असल्या मांडणीला ‘बहुस्वरता’ म्हणून गौरवतात, तेव्हा मात्र हरकत घेणे भाग पडते. बाख्तिनने १९२९ साली दस्तयेव्हस्कीच्या कादंबऱ्यांतून जी बहुस्वरता दाखवून दिली, तीत प्रत्येक स्वर दुसऱ्याची चाहूल घेऊन बोलतो. त्याच्या आक्षेपाला आधीच उत्तर देऊ पाहतो, त्याच्यामुळे बदलतो किंवा बदलायला नकार देतो. शेजारी शेजारी ठेवलेल्या तीन मुलाखती ही केवळ बेरीज आहे.

आता त्या शब्दाकडे वळू. २३ जून २०१६ च्या सार्वमतात संघात राहावे की बाहेर पडावे एवढेच विचारले होते. ५१.९ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. कराराविना बाहेर पडण्याचा उल्लेख मतपत्रिकेवर नव्हता. जानेवारी २०१७ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी वाईट करारापेक्षा करार नसलेला बरा, अशी भूमिका जाहीर केली. तेव्हा ‘नो डील’ हे वाटाघाटीतील दबावाचे हत्यार होते. त्याच वर्षी जुलैमध्ये व्यापारमंत्री लियाम फॉक्स हे असा करार मानवी इतिहासातील सर्वांत सोप्या करारांपैकी एक असायला हवा, असे सांगत होते. १५ जानेवारी २०१९ रोजी मे यांचा करार संसदेने ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला आणि तोच शब्द एकाएकी निष्ठेची कसोटी बनला. या टप्प्यावर त्याचा अर्थ होता : संक्रमणकाळ नाही, परस्परांच्या देशांत राहणाऱ्या नागरिकांच्या हक्कांची करारबद्ध हमी नाही, आयर्लंडच्या सीमेची व्यवस्था नाही. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन करार करूनच बाहेर पडला. तरी वर्षअखेरीस शब्द पुन्हा अवतरला. आता त्याचा अर्थ फक्त व्यापारी कराराचा अभाव एवढाच होता. त्यालाही बोरिस जॉन्सन यांच्या सरकारने ‘ऑस्ट्रेलियासारखी व्यवस्था’ असे गोंडस नाव दिले. ऑस्ट्रेलियाचा तेव्हा युरोपीय संघाशी मुक्त व्यापार करारच नव्हता! अभावालाच एका दूरच्या, उन्हाळलेल्या देशाचे नाव देण्याची ही युक्ती अलंकारशास्त्राच्या तासाला शिकवावी अशी आहे.

एवढ्या अर्थांतरांतून गेलेल्या शब्दावर ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणणारी दोन माणसे एकाच गोष्टीविषयी बोलत आहेत, हे कशावरून ठरवायचे?

गावे पाहिली म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. ग्रिम्सबी हे एकेकाळचे मासेमारीचे बलाढ्य बंदर. ते ज्या नॉर्थ ईस्ट लिंकनशायरमध्ये मोडते, तेथे सुमारे ७० टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने होती. या बंदराची दूर समुद्रातील मासेमारी खचली त्याचे मोठे कारण आइसलंडशी झालेली ‘कॉड युद्धे’. १९७६ मध्ये त्यांचा शेवट झाला आणि आइसलंडभोवतीचे २०० सागरी मैलांचे क्षेत्र ब्रिटिश बोटींच्या हातून गेले. आइसलंड तर युरोपीय संघाचा सदस्य कधीच नव्हता. आजचे ग्रिम्सबी प्रामुख्याने मासळीवर प्रक्रिया करून जगते आणि त्या मासळीचा मोठा भाग आयात होतो. म्हणजे मच्छीमाराच्या नातवाची जखम खरी. तिच्यावर लिहिलेला पत्ता मात्र पुष्कळ अंशी चुकीचा. संघाच्या मासेमारी धोरणाविषयी तक्रारीला जागा होतीच. पण ‘नो डील’ला होकार देणारा तेथील वृद्ध आयातशुल्काविषयी बोलत नव्हता, तो गोदीविषयी बोलत होता. प्रक्रिया कारखान्यातील कामगार मात्र शब्दशः सीमेवर खोळंबणाऱ्या मालाविषयी बोलत होता. ही एका प्रश्नाची दोन उत्तरे नव्हेत. हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

संडरलंडचे उदाहरण आणखी बोलके. १९८६ पासून तेथे निस्सानचा कारखाना चालतो आणि त्याच्या मोटारींची मोठी बाजारपेठ युरोपात आहे. कराराविना बाहेर पडल्यास युरोपात जाणाऱ्या मोटारींवर १० टक्के शुल्क लागणार, हे उघड होते. तरीही शहराने ६१ टक्क्यांहून अधिक मते बाहेर पडण्यासाठी दिली होती. यावर ‘अडाण्यांचा आत्मघात’ असा शेरा मारून मोकळे होणारे विद्वान लंडनमध्ये होते, तसे आपल्याकडच्या चर्चांतही होते. जहाजबांधणी आणि कोळसा या दोन्ही उद्योगांचा अंत पाहिलेल्या शहराला ‘बाहेर पडाल तर बुडाल’ हे भाकीत सांगितले गेले. आपण आधीच बुडालो आहोत असे मानणाऱ्याला या भाकिताचे भय किती वाटावे? शेरा मारण्यापूर्वी या विद्वानांनी भाकीत ऐकणाऱ्याच्या जागी क्षणभर उभे राहायला हरकत नव्हती.

आणि ‘स्थानिक रहिवासी’ म्हणजे तरी कोण? लिंकनशायरमधीलच बॉस्टनमध्ये ७५.६ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली; कोणत्याही मतमोजणी क्षेत्रातील हे सर्वाधिक प्रमाण. भोवतालच्या भाजीपाल्याच्या शेतांत आणि मालाच्या गोदामांत २००४ नंतर पोलंड, लिथुआनिया, लाटव्हिया येथून आलेली माणसे राबत होती. तीही बॉस्टनची रहिवासीच. पण सार्वमतात त्यांना मत नव्हते. ज्यांच्या वास्तव्याची हमी कराराच्या कागदावर अवलंबून होती, ती माणसे वृत्तांतांत बहुधा ‘समस्या’ म्हणून आली, मत असलेला माणूस म्हणून क्वचितच. दोन बाजूंच्या तराजूला तिसरे पारडे नसते, ही त्या तराजूची सोय आहे.

याउलट काही ठिकाणी शब्द हवेत तरंगू शकला नाही. डोव्हर बंदरातून दिवसाला दहा हजारांपर्यंत मालमोटारी ये-जा करतात. तेथे कराराचा अभाव म्हणजे घरासमोरच्या रस्त्यावरची रांग. ७ जानेवारी २०१९ रोजी सरकारने मॅन्स्टनच्या बंद विमानतळावर त्या रांगेची रंगीत तालीम केली. तिच्यात अवघ्या ८९ मालमोटारी होत्या! आणि आयर्लंडच्या सीमेलगतच्या डेरीत, जेथे ७८ टक्क्यांहून अधिक मते संघात राहण्यासाठी पडली, तेथे प्रश्न शुल्काचा नव्हताच मुळी. १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर ज्या सीमेवरचे पहारे उठले, तेथे ते पुन्हा बसतील काय, हा होता. डेरीतल्या माणसाचे भय आणि लिंकनशायरमधल्या माणसाची चीड समान वजनाची ‘मते’ म्हणून छापणे याला समतोल म्हणत नाहीत.

साहित्यानेही येथे पुरेशी सावधगिरी दाखवली असे नाही. कॅरोल अ‍ॅन डफी आणि रूफस नॉरिस यांचे ‘माय कंट्री’ हे नाटक २०१७ मध्ये ब्रिटनच्या नॅशनल थिएटरने केले. देशभरातील सामान्य माणसांच्या मुलाखतींतील शब्द त्यात ब्रिटानियाच्या सभेला जमलेल्या प्रदेशांच्या तोंडी घातले आहेत. हेतू ऐकण्याचा होता आणि तो आदरणीय आहे. पण माणसाचे वाक्य प्रदेशाच्या तोंडी गेले की ते युक्तिवाद राहत नाही, ‘स्वभाव’ होते. ईशान्य इंग्लंड असेच बोलणार, उत्तर आयर्लंड तसेच बोलणार! स्वभावाशी वाद घालता येत नाही. त्याचे फक्त कौतुक करता येते किंवा कीव.

यावर आक्षेप येईल की, शब्दाचा अर्थ अस्थिर होता असे म्हणणे म्हणजे लोकांना काही कळत नव्हते असेच म्हणणे. मुळीच नाही. लोकांना आपापली गोदी, आपला कारखाना, आपली सीमा पुरेपूर कळत होती. ‘नो डील’ म्हणजे नेमके काय, हे सांगण्याचे कर्तव्य मात्र ज्यांच्याकडे कागद होते त्यांचे होते. टंचाई आणि खोळंब्याची शक्यता वर्तवणारा ‘यलोहॅमर’ हा सरकारी दस्तऐवज ११ सप्टेंबर २०१९ रोजी संसदेच्या रेट्यामुळे प्रसिद्ध करावा लागला. जे सरकार स्वतःचे अंदाज झाकून ठेवते, त्याला ‘जनतेत मतभेद आहेत’ असे म्हणण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. त्या मतभेदांत त्याची स्वतःची गुंतवणूक असते.

आम्ही अध्यापक वर्गात निवेदक कोण, तो कोणाला बोलू देतो आणि कोणाला नाही, हे कथेबाबत आवर्जून विचारतो. मग वर्तमानपत्रातील लोकमताच्या उताऱ्यापाशी आल्यावर हे प्रश्न का गळून पडतात? बोलणाऱ्याच्या लेखी त्या शब्दाचा अर्थ काय, तो अर्थ त्याला कोणी पुरवला, आणि ज्याला बोलावलेच नाही तो कोण, एवढे तीन प्रश्न विद्यार्थ्याने कोणत्याही ‘दोन मतप्रवाहां’ना विचारावेत. ते न विचारता दोन्ही बाजूंची दोन-दोन अवतरणे उतरवून निष्कर्षाच्या जागी ‘मतभिन्नता आढळते’ असे लिहिणाऱ्या उत्तरपत्रिकेला आम्ही गुण देत असू, तर त्या थोतांडाचे भागीदार आम्हीही आहोत.