बोक्याचा लाल दिवा

दिवाळी अंकाचा मजकूर मागताना संपादकांनी यंदाही दरवर्षीची तंबी दिली, "विषय सणाला धरून असू द्या!" दिवाळी म्हणजे दिवे, तेव्हा मी दिव्यावरच लिहायला बसलो आहे. मात्र हा दिवा पणतीचा नव्हे की आकाशकंदिलाचाही नव्हे. तो मुगाच्या दाण्याएवढा असून आमच्या घरी एका बोक्याच्या शौचकूपावर लागतो. सणासुदीला हा कसला विषय म्हणून नाक मुरडणाऱ्या वाचकांनी कृपा करून पुढचे पान उलटू नये. त्या दिव्याने आमच्या घरातला एक जीव वाचवला. आणि मी शहाण्याने तो दिवा बिघडला म्हणून बंद करून टाकला होता!

या सदराच्या जुन्या वाचकांना माझे पूर्वायुष्य पाठ आहे. ३४ वर्षे मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढली. लाल दिवा म्हटले की इतरांना मंत्र्यांची मोटार आठवत असे. मोटारीवरचा तो लाल दिवा २०१७ च्या मे महिन्यापासून गेला. मला मात्र लाल दिवा म्हणजे पावसात उभी राहिलेली गाडी आणि भर रात्री खणखणणारा टेलिफोन. सिग्नलचा दिवा विझलेला दिसला तरी ड्रायव्हरने तो लालच समजायचा, आधी गाडी थांबवायची आणि मग बिघाड शोधायचा, हा आमचा पहिला धडा. हाताखालच्या पोरांना मी तो इतक्यांदा ऐकवला की निरोपसमारंभात त्यांनी तोच मला परत ऐकवला.

गेल्या ज्येष्ठात आमची कन्या कामानिमित्त सहा महिन्यांसाठी कॅनडाला गेली आणि जाताना आपला बोका आमच्याकडे ठेवून गेली. बोक्याचे नाव मोचा. सौ.ने पहिल्याच दिवशी त्याचा 'मोच्या' केला. मोच्याबरोबर त्याचे सामानही आले. त्यात दोन वाट्या, एक टोपली आणि एक भलेमोठे यंत्र होते. यंत्र म्हणजे बैठकीवर बसवलेला एक पोकळ गोळा, त्याला समोर तोंड. बोक्याने आत शिरावे, मातीत आपला कार्यभाग उरकावा आणि बाहेर पडावे. बैठकीला वजन कळते. बोका उतरल्यावर यंत्र सात मिनिटे वाट पाहते, मग गोळा सावकाश फिरतो, कोरडी माती आतल्या जाळीतून गळते आणि ओल्या मातीचे गोळे खालच्या खणातल्या पिशवीत पडतात.

"म्हणजे पिठाची चाळणच की!" सौ. म्हणाली. तीन पानांच्या माहितीपत्रकाचा सारांश तिने चार शब्दांत सांगितला.

या मातीचीही एक गंमत आहे. पूर्वी अमेरिकेत मांजरांसाठी राख नाहीतर वाळू ठेवीत. १९४७ साली मिशिगन राज्यातल्या एडवर्ड लो नावाच्या तरुणाने शेजारणीला राखेऐवजी पिशवीभर वाळलेली शोषक माती दिली. ती माती मांजराला आवडली, शेजारणीला आवडली आणि त्या तरुणाने पुढे त्याच मातीवर मोठा धंदा उभारला. ती माती म्हणजे आपल्याकडे मुली चेहऱ्याला लावतात त्या मुलतानी मातीचीच बहीण! ओली झाली की घट्ट गोळा होणारी बेंटोनाइटची माती नंतर, १९८० च्या दशकात आली. बेंटोनाइट आपल्याकडे कच्छमध्ये निघते. या फिरत्या यंत्राला तीच लागते. गोळा न धरणारी माती घातली तर घाण जाळीतून परत खाली येते आणि यंत्र नुसतेच गरगरत राहते.

कन्येने जाताना दिव्यांचा तक्ता भिंतीला चिकटवला होता. निळा म्हणजे सर्व क्षेम. लाल म्हणजे बोका आत आहे, किंवा नुकताच बाहेर पडला आहे. पिवळा म्हणजे गोळा फिरतो आहे. निळा मिचकावू लागला की खण भरला. पिवळा मिचकावू लागला की गोळा अडला किंवा जागा चुकला. लाल मिचकावू लागला की फिरताना मध्येच वजन आले. (ही आमच्या यंत्राची भाषा. प्रत्येक कारखान्याची भाषा वेगळी असते, तेव्हा आपल्या यंत्राबरोबरची पुस्तिका रद्दीत घालू नये.) तक्ता पाहून मी मनात हसलो. चौतीस वर्षे दिव्यांत घालवलेल्या माणसाला आता बोका दिवे शिकवणार!

पहिल्या महिन्यात त्याने ते खरोखरच शिकवले. ज्यांच्या घरी असे यंत्र आहे त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून माझी फजिती क्रमवार सांगतो.

यंत्र मी मोठ्या हौसेने बाल्कनीत मांडले. लाल दिवा लागला तो विझेचना. दोन दिवस डोके खाजवल्यावर लक्षात आले की बाल्कनीच्या फरशीला पावसाचे पाणी जाण्यासाठी उतार असतो. त्यामुळे यंत्र एका अंगाला कलले होते आणि भिंतीलाही टेकले होते. वजनाचा काटा वाकडा बसला तर वाणीसुद्धा गिऱ्हाइकाला बुडवतो, मग यंत्राचे काय चुकले? यंत्र घरातल्या बोळात, सपाट फरशीवर, भिंतीपासून चार बोटे दूर आणून ठेवले आणि दिवा निळा झाला.

मग पुन्हा लाल. या वेळी दोष माझ्या उदारपणाचा. मी आतल्या खुणेच्या रेघेकडे न पाहता मातीची अख्खी पिशवी ओतली होती. यंत्राला वाटले, एक बोका कायमचा आत येऊन बसला आहे. जास्तीची माती काढली, बोका बाहेर आहे याची खात्री केली आणि बटण दाबून वजन शून्यावर आणले. माती कमीजास्त केली की हे करावे लागते.

तिसऱ्या आठवड्यात खण रिकामा असूनही निळा दिवा मिचकावू लागला. खणाच्या वरच्या बाजूला दोन बारीक डोळे असतात, त्यांच्यावर मातीची धूळ बसली होती. कोरड्या मऊ फडक्याने पुसताच त्यांना दिसू लागले. माझ्या चष्म्याचेही असेच होते.

पिवळा मिचकावला तो मी गोळा धुऊन परत बसवला तेव्हा. वरचे झाकण नीट खटकन बसले नव्हते. एकदा वीज गेली आणि गोळा अर्ध्या वाटेतच राहिला. हात आत घालण्यापूर्वी प्लग काढावा, हे मी इथे ठळक अक्षरांत लिहिले आहे असे समजावे. आणि घरात पिल्लू असेल तर यंत्राला फिरण्याची मोकळीक देऊ नये. दीडएक किलोच्या आतले पिल्लू त्या काट्याला जाणवत नाही. ते बाहेर आले हे डोळ्यांनी पाहावे आणि मगच आपण बटण दाबावे.

असे चार-पाच बिघाड काढल्यावर माझ्या अंगात पुन्हा सिग्नल इन्स्पेक्टर संचारला. मी एक नोंदवही घातली. तारीख, वेळ, दिवा, कारण, उपाय. सौ. म्हणाली, "माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांची वही मात्र अजून कोरी आहे." मी ऐकले नाही. माणसाला जे ऐकायचे नसते त्याची नोंद तो करत नाही.

आणि मग भाद्रपदातली ती रात्र आली.

दिवसभर झोडपून पाऊस पडत होता. संध्याकाळी ७-४० ला लाल दिवा लागला. नेहमीप्रमाणे सात मिनिटांनी गोळा फिरायला हवा होता, तो फिरला नाही. लालच. थोड्या वेळाने पुन्हा लाल. एकदा गोळा फिरू लागला तो मध्येच थांबला आणि लाल मिचकावू लागला. मी बाहेरच्या खोलीत बसून, दाराच्या फटीतून दिवा पाहून, वहीत लिहीत होतो. १०-५० पर्यंत माझ्या वहीत अकरा नोंदी झाल्या. कारणाच्या रकान्यात मी लिहिले, 'हवेत दमटपणा. वजनकाटा बिघडला.' तीनदा वजन शून्यावर आणले, एकदा बैठकीला चापटही मारली आणि शेवटी प्लग काढून जाहीर केले, "उद्या उजेडात बघू!"

सौ. बोळात उभी होती. म्हणाली, "अहो, काटा बिघडला म्हणता, पण मोच्या मघापासून सारखा आत-बाहेर करतोय. खण उघडून पाहिला मी. दुपारपासून त्यात काही पडलेलं नाही."

"पोट धरलं असेल. थोडं एरंडेल देऊ या."

"पोट नव्हे हे. माती कोरडी ठणठणीत आहे." ती थांबली आणि म्हणाली, "आणि दिवा बिघडला कसा? तो आत जातो तेव्हा लागतो. म्हणजे खरंच बोलतोय की तो!"

मी वही उघडली. यंत्र बोका उतरल्यापासून सात मिनिटे मोजते. बोका त्याआधीच पुन्हा आत गेला की मोजणी पहिल्यापासून सुरू होते. म्हणून गोळा फिरत नव्हता. फिरू लागला तेव्हा मोच्या पुन्हा चढला, म्हणून तो थांबला आणि लाल मिचकावला. माझ्या वहीत अकराच्या अकरा नोंदी बिनचूक होत्या. एक जनावर तीन तास लघवीसाठी धडपडत होते आणि मी त्याची वेळ मिनिटासकट टिपून ठेवत होतो.

मोच्या न्हाणीघराच्या दाराशी बसला होता. सारखा मागून स्वतःला चाटत होता. संध्याकाळची मासळी वाटीत तशीच पडलेली. सौ.ने उचलायला हात लावला तेव्हा हा गरीब प्राणी असा ओरडला की तसा आवाज मी त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता.

रात्री साडेअकराला टोपलीत टॉवेल घालून, रिक्षावाल्याला दुप्पट भाडे कबूल करून आम्ही जनावरांच्या दवाखान्यात पोहोचलो. रात्रपाळीला एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पोट चाचपले आणि आमच्याशी न बोलता आधी आत हाक मारून तयारी करायला सांगितली. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "लघवी तुंबलीय, आजोबा. बोक्यांची मूत्रनळी फार अरुंद असते. बारीक खड्यांनी किंवा चिकट द्रव्यानं ती बंद होते. विष अंगात साठतं, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदयावर येतं. एक-दोन दिवसांत जनावर जातं. पुष्कळ लोक बद्धकोष्ठ समजून घरीच औषध देत बसतात."

एरंडेलाचा विषय मी काढला नाही. सौ.नेही काढला नाही, याबद्दल मी तिचा जन्मभर ऋणी आहे.

"कधीपासून होतंय?" त्यांनी विचारले. मी अभिमानाने नव्हे, पण सवयीने वही पुढे केली. त्यांनी अकरा नोंदी वरपासून खालपर्यंत वाचल्या आणि विचारले, "इतकं सगळं लिहिलंत. यात बोक्याकडे कधी पाहिलंत?"

चौतीस वर्षांत माझ्या कामावर वरिष्ठांचे पुष्कळ शेरे आले असतील. इतका नेमका एकही नव्हता.

मोच्याला भूल देऊन नळी घातली, सलाइन लावले. तीन दिवस तो तिथेच होता. पहिल्या रात्री कन्येला फोन केला तेव्हा तिकडे दुपार होती. मी सगळे सांगितले, माझी चूकही सांगितली. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, यंत्र पाठवताना मला वाटलं होतं, तुम्हाला त्याच्या घाणीत हात घालावा लागू नये. रोज हातानं माती उपसली असती तर तुम्हाला दुपारीच कळलं असतं, नाही?"

तिचे म्हणणे खरे होते. यंत्राने आमचे काम वाचवले, पण त्या कामाबरोबर रोज मिळणारी बातमीही आमच्यापासून दूर गेली. तिच्याऐवजी त्याने एक दिवा दिला होता. तो दिवा आपले काम चोख करत होता. तो वाचायला मात्र माणूस लागतो.

मोच्या बरा झाला. आता त्याला ओले अन्न, भरपूर पाणी आणि डॉक्टरांचे पथ्य आहे. मार्गशीर्षात कन्या आली, मोच्याला पाहून रडली आणि त्याला घेऊन गेली. यंदा ती दिवाळीला येते आहे. मोच्याही येणार आणि यंत्रही. भिंतीवरचा तक्ता तसाच आहे, फक्त त्याच्या माथ्यावर सौ.ने आपल्या अक्षरात एक ओळ वाढवली आहे: 'आधी बोका बघा.' त्याखाली माझे नियम येतात: फरशी सपाट आहे का, माती रेघेपर्यंत आहे का, वजन शून्यावर आहे का, डोळे पुसले का, झाकण बसले का.

ज्यांच्या घरी बोका आहे त्यांना एवढेच सांगतो. फटाक्यांच्या आवाजाने मांजरे भेदरतात, कपाटाखाली दडून बसतात, पाणी पीत नाहीत. अशा धास्तीने हे दुखणे बळावू शकते. त्याला आतली शांत खोली द्यावी, पाण्याची वाटी जवळ ठेवावी आणि फराळाच्या गडबडीतही दिवसातून दोनदा मातीकडे नजर टाकावी. तो सारखा जाऊन बसत असेल आणि माती कोरडी असेल, तर लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त का असेना, आधी डॉक्टर गाठावा.

माझी ती नोंदवही अजून आहे. अकरा नोंदींच्या पुढची पाने कोरी होती. आता त्यांवर सौ.च्या रक्तदाबाचे आकडे रोज सकाळी मीच लिहितो, आणि लिहिण्यापूर्वी एकदा तिच्या तोंडाकडे पाहतो.