कपाटाची किल्ली दिल्लीला गेली



गाडीतून उतरलो आणि पिंगळी स्टेशनच्या बाकड्यावरच लिहायला बसलो. पिशवीत आपल्या मासिकाचे जुने अंक आहेत. एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात द्यायला नेले होते, तसेच परत आणले.

वीस वर्षांपूर्वी अशीच पिशवी नेली होती. तेव्हाचा ग्रंथपाल अंकाला हात न लावता म्हणला, "असलं काही आम्ही ठेवत नाही." लई भांडलो. कोणतं पुस्तक कपाटात आणि कोणतं गावकुसाबाहेर, हे त्या एका माणसाच्या सहीवर होतं. आजचा ग्रंथपाल भला माणूस. चहा पाजला. म्हणला, "दादा, माझ्या हातात काय राहिलंय? तुमच्या अंकाला आयएसएसएन नाही, पुरवठादाराच्या यादीत नाही. नियतकालिकांचं तर आता वरूनच ठरतं."

वरून म्हणजे कुठून? २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं. तीन वर्षांचे ६,००० कोटी रुपये. ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. एल्सव्हिअर, स्प्रिंगर, वायली, असले बडे. कारभार गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे. याला मी सरसकट शिव्या घालणार नाही. आपल्या एखाद्या पोरीला जगातलं महागडं संशोधन फुकट वाचायला मिळत असेल तर मिळालंच पाहिजे. पण पहिला टप्पा सरकारी संस्थांचाच. संस्थाचालकांच्या कॉलेजात शिकणारी आपली पोरं पुन्हा दाराबाहेर! (दार नवं, बाहेरचे जुनेच.)

आणि त्या १३,००० मध्ये आम्ही कुठंयत? २७ जुलै १९७८ ला नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपली घरं जळाली. १४ जानेवारी १९९४ पर्यंत लढलो. त्या सोळा वर्षांतली पत्रकं, स्टेन्सिलवर खरडलेले अंक, मोर्चाची हँडबिलं कुठल्या पॅकेजात येणार? उद्या कुणी नामांतरावर पीएचडी करायला बसला तर त्याला लागणार हेच कागद. एखाद्या ग्रंथपालानं हट्टानं जमवले असतील तरच सापडतील. नाहीतर राहतील फक्त पोलिसांच्या फायली.

बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांसाठी. एकेक ग्रंथ शोधून, निवडून आणला. पुस्तकाची निवड म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवू नये.

जुन्या ग्रंथपालाची मनमानी परत आणा, असं कोण म्हणतंय? त्याची सत्ता गेली, बरं झालं. पण ती वाचकाकडं आली नाही, परस्पर वर गेली. म्हणून आपली मागणी साधी आहे. दरपत्रक, पुरवठादार यांच्या भानगडीत न पडता छोटे अंक आणि पत्रकं घेण्यापुरता पैसा आणि अधिकार ग्रंथपालाला द्या. काय घेतलं, काय नाकारलं, का नाकारलं, ते दर महिन्याला फळ्यावर लावा. ग्रंथालय समितीत आपला विद्यार्थी बसवा.

जे कॉलेजात आहेत त्यांनी या महिन्यात एकेक मागणीपत्र भरायचं. तोंडी नाही, लेखी. पोच घ्यायची, सहीशिक्क्यासकट. मी शनिवारी पुन्हा निघालोय, हीच पिशवी घेऊन. यायचं त्यांनी पिंगळी स्टेशनवर भेटावं.