निनावी अर्ज नको, पावती जपा

शेतकरी बंधूंनो, बियाणं उगवलं नाही, फवारणी पंप दुसऱ्याच दिवशी बंद पडला, की आपण निनावी पत्र टाकतो. 'नाव कशाला? उगाच कोर्टाचं लचांड!' पाचाडच्या शिवारात हेच ऐकतो.

पण नाव लपवून धोका टळत नाही. मतदान यंत्राचंच बघा. २०१० साली हैदराबादचे तंत्रज्ञ हरी प्रसाद व सहकाऱ्यांनी त्यातले दोष दाखवले. यंत्र कुणी दिलं, ते नाव त्यांनी सांगितलं नाही. ते मुंबईतल्या सरकारी ताब्यातून चोरीला गेल्याच्या गुन्ह्यात पोलिसांनी त्यांना ऑगस्टमध्ये अटक केली. आठवड्याने जामीन मिळाला. दोष राहिला बाजूला, चौकशी नाव लपवल्याची!

तेव्हा सरळ वाटेने जा. पावती, पिशवीचं लेबल, थोडं बियाणं जपून ठेवा. बियाण्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, पंपासाठी अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे सहीचा अर्ज द्या, पोच घ्या. योग्य अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार ही बदनामी नव्हे, असं भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ सांगतं. पारावर 'दुकानदार चोर' म्हणून ओरडलात, तर ते कवच नाही.

सरपंचांनी, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी अर्ज लिहायला हातभार लावावा. एकट्याला भीती वाटते; दहा सह्या असल्या की अर्जाला वजन येतं.