सरासरीत हरवलेला मेळघाट
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (२०१९-२१) मुलांची उंची-वजने जिल्हानिहाय मांडते. अकोला, अमरावती अशी तुलना त्यामुळे सहज होते. पण अमरावतीच्या १४ तालुक्यांतले धारणी आणि चिखलदरा म्हणजे मेळघाट, १९९३ पासून बालमृत्यूंमुळे देशाला ठाऊक झालेला. अमरावती शहरातले बाळ आणि कोरकू आदिवासींच्या ढाण्यावरचे (पाड्यावरचे) बाळ एकाच आकड्यात मिसळले, की मेळघाट दिसेनासाच होतो. मोजमाप तर तिथे होतेच: अंगणवाडीताई बाळाच्या दंडाला पट्टी गुंडाळते. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला तर ते तीव्र कुपोषण. या मापांची नोंद तालुक्याच्या, गावाच्या नावानिशी दरमहा जाहीर झालीच पाहिजे; पावसाळ्यात वाटा बंद पडतात त्या महिन्यांची तर आधी.